येवल्याची पैठणी आणि घरची गोधडी

इतिहासाच्या अध्यापनांत ज्याचें अर्धें आयुष्य गेलें, त्याला कागदाचा एक प्रकारचा मोह जडतो. सनद, महजर, करारनामा, जमाखर्चाची वही, यांपैकीं कांहीं हातीं आलें म्हणजे पुरावा हातीं आला असें त्यास वाटतें. आणि जें कागदावर नाहीं तें घडलेंच नाहीं, असें तो तोंडानें म्हणत नसला तरी मनांतून धरून चालतो. आम्हीही याला अपवाद नव्हतों. मुंबईच्या उपनगरांतील एका महाविद्यालयांत आम्हीं अठ्ठावीस वर्षें मराठ्यांचा आणि इंग्रजी अमदानीचा इतिहास शिकविला; परंतु ज्या गोधडीखालीं आम्ही लहानाचे मोठे झालों, ती गोधडी हाही एक दस्तऐवज आहे, ही गोष्ट आम्हांस गेल्या मार्गशीर्षांत, येवल्याच्या एका विणकराच्या घरीं, प्रथम कळली. ती कशी कळली हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षीं आमच्या कन्येचा विवाह ठरला आणि घरांत पैठणीची चर्चा सुरू झाली. मुलुंड आणि घाटकोपर येथील दुकानांत दोन रविवार काढल्यावर आमच्या सौभाग्यवती एके सायंकाळीं निश्चयानें म्हणाल्या, "पैठणी घ्यायची तर येवल्यालाच जाऊन. इथं दुकानदार म्हणेल ती हातमागाची, आणि आपण नुसती मान हलवायची." त्याच आठवड्यांत माळ्यावरची आमच्या मातोश्रींची ट्रंक खालीं काढली गेली. मातोश्रींना जाऊन तीन वर्षें झालीं. ट्रंकेच्या तळाशीं त्यांची गोधडी होती. एका कडेचा दोरा कुजून उसवला होता, आणि वरच्या सुती लुगड्याच्या आड कांहीं तरी चमकत होतें. सौभाग्यवतींनीं आणखी चार टांके उसवले, आंतलें कापड बोटांनीं चांचपलें आणि म्हणाल्या, "अहो, हें रेशीम आहे. ही पैठणी आहे."

येथें थोडा घरगुती इतिहास सांगणें प्राप्त आहे. आमची आजी नाशिक जिल्ह्यांतली. तिच्या लग्नांत तिच्या वडिलांनीं येवल्याहून एक पैठणी आणली होती. जांभळ्या आणि हिरव्या धाग्यांची, उन्हांत एक रंग आणि सावलींत दुसरा दाखविणारी. त्या घरांत मोलाची अशी ती एकच वस्तु. पुढें आमचे वडील मुंबईस येऊन लालबागच्या बाजूला एका गिरणींत साचा-खात्यांत लागले, आणि एका खोलींत आजी, आई, वडील आणि आम्ही भावंडें असा संसार चालूं लागला. ता. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या कापड-गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले. महिने लोटले तरी संप मिटेना. त्या वर्षीं चाळींतलीं पुष्कळ मुलें गांवोगांवीं नातलगांकडे धाडलीं गेलीं. आम्ही तेव्हां बारा वर्षांचे, आमची रवानगी सिन्नर तालुक्यांत मामांकडे झाली. दिवाळीनंतर परत येऊन पाहतों तों आजीची पैठणी ट्रंकेंत नाहीं. शेजारच्या मुलानें सांगितलें, जुनी जर विकत घेणारा आला होता, तुझ्या आईनें त्याला दिली. आजी त्या दिवसांत फारशी बोलत नसे. आम्हीं मनाशीं अनुमान बांधलें, कीं आईनें आजीची वस्तु आजीला न विचारतां विकली. आमची शाळेची फी त्या महिन्यांत भरली गेली, हेंही आम्हांस ठाऊक होतें. म्हणून अनुमान बोलून दाखविण्याचें तोंड आम्हांस नव्हतें. पुढल्या वर्षीं आजी वारली. त्या अनुमानाची शहानिशा आम्हीं कधीं केली नाहीं. विद्यार्थ्यांना पुराव्याचे नियम शिकविणाऱ्या माणसानें आपल्या घरच्या प्रकरणांत ऐकीव साक्षीवर निकाल देऊन टाकला, आणि आईविषयीं मनांत एक अढी चाळीस वर्षें जपली.

जुनी जर विकत घेणारा कशासाठीं येतो, हें आजच्या तरुण वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल. जुन्या पैठणीची जर चांदीची असे. चांदीची बारीक तार चपटी करून ती रेशमी धाग्यावर गुंडाळीत आणि तिला सोन्याचें पाणी देत. पदर आणि कांठ अशा जरीनें भरलेले असल्यामुळें कापड जाळलें कीं खालीं चांदी उरे. घरावर कठीण प्रसंग आला म्हणजे दागिन्यांच्या पाठोपाठ शालू-पैठण्यांवर पाळी येई ती याच कारणानें. आपल्याकडे जुन्या पैठण्या फार थोड्या शिल्लक राहिल्या याचें आपल्याला नवल वाटतें. परंतु त्यांपैकीं कितीएक झिजून फाटल्या नाहींत, चुलीवर गेल्या.

तर ती गोधडी एका स्वच्छ चादरींत बांधून आम्ही उभयतां एके दिवशीं पहाटे मुलुंडहून निघालों. ठाण्यास मनमाडकडे जाणारी गाडी धरली. कल्याण स्टेशन आलें तेव्हां सवयीप्रमाणें आम्हांस 'पेरिप्लस'ची आठवण झाली. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीक भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्यानें लिहिलेलें हें समुद्रप्रवासाचें टिपण. त्यांत कल्याण बंदराचा उल्लेख आहे. तेथें येणारीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचकडे नेलीं जात असेंही तो लिहितो. त्याच टिपणांत पैठणाचें नांव येतें. पैठणीवर लिहिणारे लोक पुष्कळदां या ग्रंथाची साक्ष काढतात आणि पैठणाचें वस्त्र त्या काळीं रोमला जात असे असें सांगून मोकळे होतात. मूळ मजकूर पाहिला तर चित्र निराळें दिसतें. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि त्याच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचें धाराशिव जिल्ह्यांतलें तेर. त्यापैकीं पैठणाहून गाड्यांनीं मौल्यवान दगड येत, आणि तलम व जाडेंभरडें कापड येई तें तगराहून, असें तो स्पष्ट म्हणतो. यावरून पैठणास त्या काळीं विणकाम नव्हतें असें सिद्ध होत नाहीं. सातवाहनांची राजधानी वस्त्रावांचून कशी असेल? परंतु जी साक्ष ग्रंथ देत नाहीं ती त्याच्या तोंडीं घालणें बरें नव्हे. हें सारें आम्हीं सौभाग्यवतींना कसारा घाट चढेपर्यंत समजावून सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग चाळींतल्या त्या पोरानं सांगितलं तें तुम्ही कधीं तपासलंत?" इगतपुरी येईपर्यंत आम्ही खिडकीबाहेर पाहत बसलों.

मनमाडपासून दक्षिणेस कोपरगांव-नगरच्या वाटेवर सुमारें पंचवीस किलोमीटरांवर येवलें लागतें. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला, त्यावरचें हें एक स्टेशन. परंतु त्याच्या पुष्कळ आधींपासून हें गांव कापडाच्या नांवानें ओळखलें जात होतें. गांव वसविणारे रघोजी नाईक, त्यांनींच बाहेरून विणकर आणि रेशमाचे व्यापारी बोलावून आणले, त्यांना सवलती दिल्या आणि माग उभे करविले, अशी येथली परंपरा सांगते. पैठणहून विणकर आले, गुजराथेंतून वाणी आले. साळी, कोष्टी, खत्री अशा अनेक जातींच्या हातांत मिळून हा धंदा वाढला. एक रेशीम आणतो, एक उकलतो, एक रंगवितो, एक ताणा लावतो आणि एक विणतो, असें हें काम आहे. एकट्याचें येथें कांहीं चालत नाहीं. पेशवाईंत पैठणी, शेले आणि दुपट्टे यांना दरबारचें गिऱ्हाईक होतें. पुढें हें गांव विंचूरकरांच्या जहागिरींत गेलें. १८५८ सालीं येथें नगरपालिका झाली. मुंबई इलाख्यांतल्या जुन्या नगरपालिकांत ती मोडते.

या गांवाशीं निगडित असलेलें एक नांव दुकानांच्या पाट्यांवर आढळत नाहीं. १८१४ च्या सुमारास येवल्यांत पांडुरंगपंत भट यांच्या घरीं रामचंद्र नांवाचा मुलगा जन्मला. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. दुसरे बाजीराव आठ लक्षांच्या तनख्यावर कानपुराजवळ ब्रह्मावर्तास जाऊन राहिले; त्यांच्या मागोमाग पांडुरंगपंतांचें बिऱ्हाडही तिकडे गेलें. हाच मुलगा पुढें तात्या टोपे या नांवानें सत्तावनच्या युद्धांत गाजला आणि १८ एप्रिल १८५९ रोजीं शिवपुरी येथें फांसावर चढला. हा प्रसंग आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितला होता. परंतु येवल्याच्या पेठेंत उभें राहीपर्यंत एक साधी गोष्ट आमच्या ध्यानांत आली नव्हती. ज्या घटनेनें तात्यांचें बिऱ्हाड गंगाकांठीं नेलें, त्याच घटनेनें येथल्या मागांचा सर्वांत मोठा आश्रयदाताही नेला. दरबार गेल्यावर दरबारी वस्त्र विणणाऱ्याचें काय होतें, याचा विचार आपल्या पाठ्यपुस्तकांत आढळत नाहीं. लढाया आणि तह यांच्या पानांत तो बसत नाहीं.

पेठेंत शिरल्यावर दोहों बाजूंस पैठणीचीं दुकानें लागतात. कांहीं जुन्या वाड्यांच्या ओटीवर आहेत, कांहीं कांचेचीं दारें लावून मुंबईच्या थाटाचीं झालीं आहेत. पाट्यांवर 'दोन हजार वर्षांची परंपरा' हीं अक्षरें आहेतच. गादीवर बसलें कीं घडीमागून घडी पुढें पडूं लागते: नारळी कांठ, मुनिया कांठ, पदरावर बांगडी-मोर, आसावली, कमळ. एका धोट्याची आणि तीन धोट्यांची असा भेद दुकानदार समजावून सांगतो. कांठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालले म्हणजे कांठाचा रंग अंगांत उतरत नाहीं. अशा विणीला कडियल म्हणतात. यंत्रमागावरची पैठणीही येथें मिळते, आणि सांगून विकणारा दुकानदार ती पैठणी नव्हे असें प्रामाणिकपणें सांगतोही. 'सेमी' असा शब्द त्यांनीं तिच्यासाठीं योजला आहे. २०१० सालीं पैठणीला भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षण मिळालें. ओळखण्याची खूण मात्र कायद्याहून जुनी आहे. वस्त्र उलटें करून पाहावें. खऱ्या पैठणीचा पदर सुलट आणि उलट जवळजवळ सारखाच दिसतो. मागें लोंबणारे धागे नसतात. कारण नक्षीचा प्रत्येक रंग स्वतंत्र लहान कांडीनें, ज्याला येथें तिल्ली म्हणतात, हातानें ताण्यांतून घालून शेजारच्या रंगांत अडकविलेला असतो. एका पदरावर अशा कितीएक तिल्ल्या एका वेळीं चालतात.

सौभाग्यवतींनीं तीन दुकानें पाहिलीं आणि मग एका दुकानदारास सरळ विचारलें, कीं हें विणणारें घर आम्हांस पाहतां येईल काय? त्यानें आनंदानें एक मुलगा बरोबर दिला. दोन बोळ ओलांडून आम्ही एका जुन्या घरीं पोहोंचलों. खालच्या खोलींत खड्ड्याचे दोन माग. एकावर सत्तरीच्या घरांतले एक विणकर, दुसऱ्यावर त्यांची सून. पाय खड्ड्यांत, डोळे ताण्यावर. कोपऱ्यांत रहाटावर कांड्या भरल्या जात होत्या. रेशीम कर्नाटकांतून येतें, जर सुरतेहून. येथें उरतें तें काम. पदराचें विणकाम दिवसभरांत बोटभर चढलें तरी दिवस सत्कारणीं लागला असें समजतात. साध्या पैठणीला महिना-दीड महिना, भरगच्च पदराच्या पैठणीला वर्षाहून अधिक. सूनबाईंनीं मान वर न करतांच सौभाग्यवतींना म्हटलें, "काकू, उजेडाला उभ्या राहूं नका, रंग चुकल." आम्ही दोघेंही मुकाट्यानें भिंतीशीं सरकलों.

मग सौभाग्यवतींनीं गांठोडें सोडलें. म्हातारबाबांनीं हात पुसले, चष्मा लावला आणि उसवलेल्या कडेंतून तें रेशीम ओसरीच्या उजेडाकडे धरलें. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "ताई, माल इथलाच. ताणा जांभळा, बाणा हिरवा. वीण दाट आहे. आतां इतकी दाट मागत नाहीं कुणी." त्यांनीं कापडाची कड बोटांत फिरविली आणि ती आमच्यापुढें धरली. कांठ कापून नेला होता हें आम्हांलाही दिसत होतें. परंतु कापाच्या रेषेच्या आंतल्या अंगाला लहान लहान शेंड्यांची एक ओळ होती. जर काळवंडली होती, तरी होती.

"नारळी कांठ आहे हा," म्हातारबाबा म्हणाले. "याचीं टोकं अंगाकडं असतात. जरवाला कापतो तेव्हां टोकांच्या बाहेरून, अंगांत शिरून कापतो. त्याला रेशमाशीं काय करायचं? टोकांत चांदी आहे, ती तो सोडणार नाहीं. हें कापलंय तें टोकांच्या मुळाशीं, घरच्या कात्रीनं. साहेब, हें व्यापाऱ्याचं काम नाहीं. घरांतल्या बाईनं आधीं कापून ठेवलं, आणि मग कांठ-पदर तेवढा त्याच्या ताजव्यांत घातला. टोकं ठेवलीं म्हणजे दोन पैसे कमी घेतले तिनं."

आम्ही कांहीं बोलूं शकलों नाहीं. अठ्ठावीस वर्षें आम्हीं ज्या प्रकारची चिकित्सा मुलांना शिकविली, तीच या गृहस्थांनीं दोन मिनिटांत करून दाखविली होती. कापाची रेषा कोठें आहे, तेथें कापण्यांत कोणाचा लाभ आणि कोणाची हानि, आणि म्हणून कापणारा हात कोणाचा. आमच्या आईनें ट्रंक उघडून पैठणी विकणाऱ्याच्या हवालीं केली नव्हती. जितकें विकल्यावांचून गत्यंतर नव्हतें तितकेंच तिनें कापलें, आणि उरलेलें अंग शेंड्यांसकट मुलांच्या पांघरुणांत शिवून टाकलें.

येथवर विणकरांची साक्ष झाली. दुसरी साक्ष सौभाग्यवतींची. त्या गोधडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गोधडी शिवणारी बाई कडेपासून आरंभ करिते आणि धांवदोऱ्याच्या ओळींमागून ओळी घालीत मध्यावर येते. सौभाग्यवतींनीं आमचा हात धरून बोट त्या टांक्यांवरून फिरविलें. "हे टांके तुमच्या आईंचे. बारीक, एकसारखे, माझ्या दुपट्याला त्यांनींच घातले होते, मी ओळखतें. पण आतां इकडं या. हे पाहा, लांब, वांकडे. मध्येंच दोरा संपला आहे आणि पुन्हां ओवला आहे. हा दुसरा हात आहे, आणि म्हातारा आहे. तुमच्या आजींना शेवटीं शेवटीं दिसत नव्हतं म्हणतां ना?" पैठणीचा तुकडा ज्या भागांत होता, त्या भागांतले टांके बहुतेक याच दुसऱ्या हाताचे होते.

त्या खोलींत मोतीबिंदु झालेली एकच स्त्री होती. आजीनें आपल्या लग्नाचें वस्त्र आपल्या हातानें गोधडींत घातलें होतें. विचारलें नव्हतें असें आम्ही ज्याविषयीं समजून चाललों, त्या कामाला दोघी मिळून बसल्या होत्या. आजी त्या दिवसांत बोलत नसे, हें खरें; परंतु संपाच्या दहाव्या महिन्यांत त्या चाळींत बोलण्यासारखें कोणाजवळ काय होतें?

गोधडीविषयीं आपल्याकडे फारसें लिहिलेलें आढळत नाहीं. संस्कृतांतली कंथा ती हीच. बंगाल्यांत कांथा हें नांव तिच्यावरूनच चालतें. देशावर तिला वाकळ म्हणतात. उत्तर कानड्यांत हल्याळ-यल्लापूर भागांतल्या सिद्दी बायका अशाच गोधड्या शिवतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचीं फुलें लावल्याविना गोधडी पुरी झाली असें मानीत नाहींत. आपल्या गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराज म्हणत, तें त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रामुळें. अलीकडे शहरांतून गोधड्यांचीं दुकानें आणि प्रदर्शनें निघालीं आहेत. नवें कापड मुद्दाम फाडून जुन्याच्या थाटानें तेथें जोडलेलें असतें. खेड्यांतल्या बायकांना त्यांतून चार पैसे मिळत असतील तर त्याला आम्ही नांवें ठेवणार नाहीं. परंतु घरच्या गोधडीची गोष्ट निराळी. तिच्यांत घातलेला प्रत्येक थर कोणी तरी अंगावर वापरलेला असतो. आमच्या गोधडींत पैठणीच्या शेजारीं वडिलांचा खाकी सदरा निघाला, आणि तळाचें अस्तर गिरणीच्या जाड कापडाचें होतें.

हीं दोन कापडें एका शिवणींत पाहिल्यावर आमच्यासारख्या शिक्षकाच्या मनांत विचार यावयाचा तो आलाच. मुंबईंत पहिल्या कापड-गिरणीची उभारणी कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं केली. त्यानंतर शतकभर आपण वर्गांत सांगत आलों, कीं गिरणीनें हातमाग मारला. साध्या लुगड्या-धोतरांपुरतें तें बहुतांशीं खरेंही आहे. कोंकणांतून आणि घाटावरून जीं माणसें गिरण्यांत आलीं त्यांत माग मोडून आलेले पुष्कळ होते. पण शेवट पाहा. जिनें मारलें ती गिरणी आज नाहीं. १९८२ चा संप रीतसर मागें घेतला असें कोणी कधीं जाहीर केलें नाहीं. तो विरून गेला आणि त्याच्याबरोबर गिरण्याही गेल्या. वडील ज्या भागांत साचा चालवीत तेथें आज उंच इमारती आणि बाजारवाडे आहेत. येवल्याचा माग मात्र खड्ड्यांत पाय सोडून अद्यापि चालू आहे. याचें कारण कोणी देशाभिमानांत शोधील, तर तो फसेल. जें वस्त्र रोज लागतें तें यंत्रानें घेतलें. जें जन्मांत एकदां लागतें तें हाताजवळ राहिलें. हातमाग टिकला तो महाग आहे म्हणून टिकला, आणि त्या महागाईतला किती वांटा खड्ड्यांत बसणाऱ्याच्या हातीं पडतो, हा प्रश्न आम्हीं म्हातारबाबांना विचारला. ते हंसले आणि म्हणाले, "पोरगं नाशकाला कारखान्यांत जातं, साहेब. सूनबाई बसते म्हणून माग आहे." याहून अधिक उत्तराची गरज नव्हती.

परतीची गाडी रात्रीची होती. मधल्या वेळांत आम्ही मुक्तिभूमीवर गेलों. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० सालीं सुरू झाला. वर्षांमागून वर्षें गेलीं, दार उघडलें नाहीं. अखेर ता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्याच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं जाहीर केलें, कीं आपण हिंदु म्हणून जन्मलों तें आपल्या हातीं नव्हतें, पण हिंदु म्हणून मरणार नाहीं. तो शब्द त्यांनीं एकवीस वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, नागपुरास खरा केला. पैठणी घेण्यासाठीं दररोज मोटारी भरून येणारीं आमच्यासारखीं कुटुंबें पेठेंतूनच परत फिरतात. आम्हीही एरवीं फिरलों असतों. त्या दिवशीं मात्र, समजून चाललेल्या गोष्टी किती दिवस विनाचौकशी चालतात याचा अनुभव ताजा होता. एका घरांत चाळीस वर्षें चालल्या. समाजांत किती शतकें चालल्या, याची आठवण देणारी ती जागा आहे. तेथें आम्ही बराच वेळ उभे होतों.

पैठणी घेतली ती म्हातारबाबांच्याच मागावरची, दुकानाच्या मार्फत. ताणा जांभळा, बाणा हिरवा, कांठ नारळी. पदर साधा आहे. आमच्या ऐपतीला तेवढाच झेपला. जुन्या रेशमाचा तुकडा नव्या पैठणींत कोठें जोडतां येईल काय, असें आम्हीं विचारून पाहिलें होतें. म्हातारबाबांनीं मान हलविली. "जोडूं नका. जिथं आहे तिथंच राहूं द्या. फक्त उलटी बाजू आंत करा, टोकं दिसूं द्या."

लग्नाच्या आधीं पंधरा दिवस आमच्या घरीं रोज दुपारीं गोधडी पुन्हां शिवली जात होती. एका कडेला सौभाग्यवती आणि दुसऱ्या कडेला कन्या. कन्येचे टांके लांब आणि वांकडे पडतात. सौभाग्यवतींनीं एकही उसवूं दिला नाहीं. गोधडी तिच्याबरोबर बोरिवलीस, तिच्या नव्या घरीं गेली. जातांना तिनें आम्हांस विचारलें, "बाबा, ही कुणाची म्हणून सांगूं?" आम्हीं आईचें नांव सांगितलें, आजीचें सांगितलें, आणि तिघांचीं नांवें एका कागदावर लिहून तो कागद तिच्या हातीं दिला, तिसरें नांव तिच्या आईचें. तिनें तो वाचला, घडी केला आणि गोधडीच्या कोपऱ्यांत घालून वरून टांका मारला.

आईला विचारावयाचें होतें तें मात्र विचारावयाचें राहूनच गेलें. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं माळ्यावर एखादी गोधडी असेल आणि ती शिवणारी अद्यापि हयात असेल, त्यांनीं ती एकदां खालीं काढावी आणि तिच्याजवळ बसून विचारून घ्यावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.